शब्द एकटा नको, वाक्यासकट शिका



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्याच प्रभागातल्या एका गटाच्या अध्यक्ष ताई आणि सचिव ताई गटाच्या खात्यातून पंधरा हजार रुपये काढायला बँकेत गेल्या. पासबुकावर शिल्लक होती ३८,००० रुपये. गटातल्या एका ताईच्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती, बैठकीत ठराव झाला होता, सह्या झाल्या होत्या. सगळं रीतसर. पण पैसे काढायची स्लिप खिडकीतून परत आली. तिच्यावर पेनाने दोन इंग्रजी शब्द लिहिलेले. मागे रांग होती. "पैसे निघणार नाहीत" एवढंच साहेब बोलले.

दोघी गावात परत आल्या आणि तेवढंच सांगितलं. मग काय, चर्चा सुरू झाली. पासबुकात पैसे दिसतात, मग निघत का नाहीत? कुणी आधीच उचलले का? पुढच्या बैठकीला सहा जणी आल्याच नाहीत. आठ वर्षं चाललेला गट दोन शब्दांनी हलला.

मी गेले तेव्हा अध्यक्ष ताईंनी ती स्लिप पिशवीतून काढून दाखवली. घडी करून जपून ठेवली होती. त्यावर लिहिलं होतं 'लीन मार्क्ड'. आता खरं सांगते, मलाही तो शब्द माहीत नव्हता. एमएसडब्ल्यू झालंय माझं, तरी नव्हता. मोबाइलवर अर्थ शोधला तर आला 'धारणाधिकार'. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मराठी अर्थ इंग्रजीपेक्षा अवघड!

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन विचारलं तेव्हा साहेबांनी पूर्ण वाक्य सांगितलं. गटाने कर्ज घेतलंय, त्याच्या हमीसाठी बचत खात्यातले ३०,००० रुपये अडकवून ठेवलेत. म्हणजे ३८,००० दिसतात, पण काढता येतात फक्त ८,०००. एका वाक्यात सगळं कळलं. कुणी पैसे खाल्ले नव्हते.

आणि पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की बचत गटांना १० लाख रुपयांपर्यंतचं कर्ज देताना तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर लीन लावायचं नाही आणि ठेव ठेवा म्हणून अडून बसायचं नाही. आम्ही मराठीत अर्ज दिला, दोन फेऱ्या मारल्या, तीन आठवड्यांनी लीन निघालं. मुलीची फी तोवर ग्रामसंघातून उसनी घेऊन भरली. पण रुसलेल्या सहा जणी बैठकीला परत यायला तीन आठवड्यांहून जास्त लागले.

म्हणून हा लेख. "इंग्रजी शिका" असं तर सगळेच सांगतात. मी तुम्हाला फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवणार नाही, मलाही ते तितकं जमत नाही. जे शब्द तुमच्या पैशाला आणि तुमच्या सहीला हात लावतात, ते शब्द आधी शिकूया.

तुम्हाला इंग्रजी येतं, फक्त मोजलेलं नाही

आधी एक खेळ करा. कालच्या दिवसात तुम्ही किती इंग्रजी शब्द बोललात ते आठवा. लोन, मीटिंग, फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज, सिलेंडर, लाईट, मोबाइल, टेन्शन, डॉक्टर, ऑपरेशन, ट्रॅक्टर, स्प्रे. एका गटात आम्ही असे शब्द मोजले तर दहा मिनिटांत ६२ झाले, आणि त्यात चौथी शिकलेल्या मावशींचे शब्द सगळ्यात जास्त होते.

हे शब्द कुणी शिकवले? कुणीच नाही. ते वापरात आले म्हणून आले. 'रिचार्ज' शब्दाचा अर्थ आपण पाठ केला नाही. "रिचार्ज संपला, फोन लागत नाही" हे वाक्य ऐकलं आणि शब्द बसला. नवीन शब्दही असाच बसतो. नुसता शब्द आणि समोर अर्थ लिहिला तर आठ दिवसांत विसरतो. आपल्या घरचं, आपल्या खात्याचं वाक्य जोडलं की राहतो.

एक दोनशे पानी वही करा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द मराठी अक्षरात लिहा, आणि जमलं तर खाली इंग्रजी अक्षरं जशी दिसतात तशी रांगोळीसारखी बघून काढा. दुसऱ्यात अर्थ. तिसऱ्यात तुमचं स्वतःचं वाक्य. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो शब्द आला असं धरायचं नाही.

पासबुकातले शब्द

डेबिट: खात्यातून पैसे गेले, नावे पडले.
मेसेजमधलं वाक्य: "युवर अकाउंट इज डेबिटेड बाय रुपीज फोर हंड्रेड थर्टी सिक्स." म्हणजे तुमच्या खात्यातून ४३६ रुपये गेले.

क्रेडिट: खात्यात पैसे आले, जमा झाले.
वाक्य: "रुपीज फिफ्टीन हंड्रेड क्रेडिटेड टू युवर अकाउंट." म्हणजे खात्यात १,५०० रुपये जमा झाले.

या दोन शब्दांत फार जणींचा घोळ होतो. पासबुकात ते पूर्ण लिहिलेले नसतात, 'डी आर' आणि 'सी आर' एवढंच असतं. इंग्रजी डी दिसतो अर्ध्या भाकरीसारखा. भाकरी खाल्ली, संपली, म्हणजे पैसे गेले. इंग्रजी सी दिसतो विळ्यासारखा. विळ्याने पीक कापून घरात येतं, म्हणजे पैसे आले. एवढं लक्षात ठेवलं तरी पासबुक निम्मं वाचता येतं.

वरचे ४३६ रुपये मी मुद्दाम घेतले. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी हा मेसेज बऱ्याच जणींना येतो आणि फोन सुरू होतात, "ताई, ४३६ आले का गेले?" गेले. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. २० रुपये गेले असतील तर ते सुरक्षा विम्याचे, म्हणजे अपघाताचे. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात आणि दोन्हींत २ लाख रुपयांचं संरक्षण असतं. घरात दुर्दैवाने काही घडलं तर पासबुकातली हीच ओळ शोधायची असते. ती ओळ न कळल्यामुळे विमा मागायचाच राहून जाऊ नये.

डिपॉझिट: पैसे भरणे, किंवा भरलेली ठेव.
वाक्य: "कॅश डिपॉझिट फाइव्ह थाउजंड." रोख ५,००० भरले.

विथड्रॉवल: पैसे काढणे.
वाक्य: "एटीएम विथड्रॉवल टू थाउजंड." एटीएममधून २,००० काढले.

बॅलन्स: शिल्लक. पण थांबा, या शब्दाला दोन तोंडं आहेत. बचत खात्यात बॅलन्स म्हणजे तुमचे बँकेकडे असलेले पैसे. कर्ज खात्यात बॅलन्स म्हणजे तुम्ही बँकेला देणं असलेले पैसे. एका ताईंनी कर्ज खात्याचा कागद बघून "४०,००० शिल्लक आहेत" म्हणून आनंदाने सांगितलं होतं. ते शिल्लक नव्हते, बाकी होते. ओळखायचं कसं? रकमेच्या पुढे बघा. विळा असेल तर तुमचे, अर्धी भाकरी असेल तर द्यायचे.

अव्हेलेबल बॅलन्स: आत्ता काढता येतील एवढे पैसे.
वाक्य: "टोटल बॅलन्स थर्टी एट थाउजंड, अव्हेलेबल बॅलन्स एट थाउजंड." खात्यात ३८,००० आहेत, पण हाताला ८,०००च लागतील. आपल्या त्या गटाला हाच एक शब्द माहीत असता तर स्लिप भरायच्या आधीच प्रश्न विचारता आला असता.

रिव्हर्सल: गेलेले पैसे परत जमा होणे.
वाक्य: "रिव्हर्सल ऑफ फेल्ड एटीएम ट्रान्झॅक्शन." एटीएममधून पैसे आले नव्हते, पण खात्यातून गेले होते, ते परत आले. असं झालं तर घाबरू नका. नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते पैसे आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. एटीएमची पावती आणि मेसेज जपून ठेवा, पुसू नका.

कर्जाच्या कागदावरचे शब्द

सँक्शन आणि डिसबर्स: सँक्शन म्हणजे मंजूर झालं. डिसबर्स म्हणजे हातात किंवा खात्यात आलं. लग्न ठरणं आणि लग्न लागणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे.
वाक्य: "लोन सँक्शन्ड थ्री लॅख, डिसबर्स्ड टू लॅख." मंजूर ३ लाख, मिळाले २ लाख. व्याज मिळालेल्या रकमेवर लागायला हवं, मंजूर रकमेवर नाही. हे तपासा.

लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर: गटाच्या कॅश क्रेडिट खात्यात हे दोन शब्द येतात. लिमिट म्हणजे एकूण मंजूर मर्यादा. ड्रॉइंग पॉवर म्हणजे त्या वर्षी त्यातून किती उचलता येईल ती रक्कम.
वाक्य: "लिमिट सिक्स लॅख, ड्रॉइंग पॉवर वन पॉइंट फाइव्ह लॅख." तीन वर्षांसाठी मर्यादा ६ लाख, पण यंदा उचलता येतील दीड लाख. "सहा लाख आले, बाकीचे कुठे गेले" हे भांडण मी दोन गटांत ऐकलंय. बाकीचे कुठेच गेलेले नसतात, ते अजून यायचे असतात.

प्रिन्सिपल: मुद्दल. शाळेचे प्रिन्सिपल वेगळे, हे वेगळे.

इंटरेस्ट: व्याज. मुलं म्हणतात "मला अभ्यासात इंटरेस्ट नाही", तिथे अर्थ आवड. कर्जाच्या कागदावर मात्र आवडीचा काही संबंध नाही.
वाक्य: "प्रिन्सिपल ट्वेंटी टू हंड्रेड, इंटरेस्ट थ्री हंड्रेड." या हप्त्यात मुद्दल २,२०० आणि व्याज ३००.

फ्लॅट आणि रिड्युसिंग: हे दोन शब्द लाल पेनाने लिहा. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज, तुम्ही कितीही फेडलेलं असो. रिड्युसिंग म्हणजे फेडत जाल तसं उरलेल्या मुद्दलावरच व्याज. आपल्या गटात शिल्लक मुद्दलावर व्याज लावतो, ते रिड्युसिंग.

हिशोब करून बघू. ३०,००० रुपये कर्ज, एक वर्ष, बारा महिने हप्ते, व्याज १२ टक्के.
फ्लॅटने: व्याज ३,६०० रुपये, महिन्याचा हप्ता २,८००.
रिड्युसिंगने: महिन्याचा हप्ता साधारण २,६६५, वर्षभराचं व्याज साधारण १,९८५.
दोन्हीकडे "बारा टक्के" असंच सांगतील, आणि खोटं कुणीच बोलत नसेल. पण एका शब्दामागे सोळाशे रुपयांचा फरक आहे. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला, "फ्लॅट की रिड्युसिंग?"

ड्यू आणि ओव्हरड्यू: ड्यू म्हणजे भरायची तारीख आली किंवा रक्कम देणं आहे. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेली, थकलं.
वाक्य: "युवर इन्स्टॉलमेंट इज ड्यू ऑन फिफ्थ." तुमचा हप्ता ५ तारखेला आहे. या मेसेजला घाबरायचं नाही, ही आठवण आहे.
वाक्य: "युवर इन्स्टॉलमेंट इज ओव्हरड्यू." हप्ता थकलाय. या मेसेजकडे दुर्लक्ष करायचं नाही. भरला असेल तर पावती घेऊन जा, भरला नसेल तर गटात बोला.

आउटस्टँडिंग: अजून फेडायची राहिलेली रक्कम. शाळेत मुलाला 'आउटस्टँडिंग' शेरा मिळाला तर पेढे वाटा. बँकेच्या कागदावर दिसला तर वाटू नका.

सही करण्याआधीचे शब्द

गॅरंटर: जामीनदार. कर्ज दुसऱ्याचं, पण त्याने नाही फेडलं तर भरायचं तुम्ही.
वाक्य: "सिग्नेचर ऑफ गॅरंटर." जामीनदाराची सही. "वहिनी, नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही" असं म्हणत कुणी कागद पुढे केला आणि त्यावर हा शब्द असेल, तर नुसती सही नाहीये ती.

नॉमिनी: आपल्यामागे पैसे घ्यायला जिचं किंवा ज्याचं नाव लावलंय ती व्यक्ती. बँकेतल्या ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हातात मिळतात, पण वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही.
वाक्य: "नॉमिनी नॉट रजिस्टर्ड." नॉमिनीचं नाव लावलेलं नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर हे दिसलं तर पुढच्या फेरीतच नाव लावून घ्या.

कन्सेंट: संमती, राजीखुशी.
वाक्य: "आय गिव्ह माय कन्सेंट फॉर इन्शुरन्स." विमा काढायला माझी संमती आहे. छोट्या कर्जाच्या कागदांत कधी कधी हे वाक्य हळूच असतं. विमा हवा असेल तर जरूर घ्या. पण सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपनीने तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय विमा किंवा वस्तू गळ्यात मारू नये असा नियम आहे. म्हणून त्या जागी सही करण्याआधी थांबा.

लीन: खात्यातली रक्कम कर्जापोटी अडकवून ठेवणे. मराठीत लीन म्हणजे नम्र. बँकेतलं लीन काही नम्र नसतं, ते पैशावर बसून राहतं.
वाक्य: "लीन अमाउंट थर्टी थाउजंड." ३०,००० रुपये अडकवलेले आहेत. तुमच्या गटाच्या खात्यावर हा शब्द दिसला आणि गटाचं कर्ज १० लाखांपर्यंतचं असेल, तर लगेच प्रभागसंघाला कळवा.

एका शब्दाचं कुटुंब

एक सोपी युक्ती सांगते. इंग्रजीत एका शब्दाच्या मागेपुढे अक्षरं लावून पाच-सहा शब्द होतात. मोठ्या जावेला ओळखलं की घरातली बाकीची माणसं आपोआप ओळखीची होतात, तसंच.

'पे' म्हणजे पैसे देणे. त्याचं कुटुंब बघा.
पेमेंट: दिलेले पैसे, भरणा.
पेअर: पैसे देणारी व्यक्ती.
पेई: पैसे घेणारी व्यक्ती. चेकवर जिचं नाव लिहितो ती पेई.
अनपेड: न भरलेलं. 'अन' पुढे लागला की उलटं होतं.
रीपेमेंट: कर्जाची परतफेड. 'री' म्हणजे परत. रिचार्ज, रिन्यूअल, रिफंड, सगळ्यांत तोच 'री'.
प्रीपेमेंट: मुदतीआधी फेडणे. 'प्री' म्हणजे आधी. तारण नसलेल्या सूक्ष्म कर्जावर मुदतीआधी फेडलं म्हणून दंड घेता येत नाही, हेही वहीत लिहून ठेवा.

यातून एक किल्ली मिळते. शेवटी 'अर' असेल तर बहुतेक करणारा किंवा देणारा, शेवटी 'ई' असेल तर बहुतेक मिळणारा. पेअर देतो, पेईला मिळतं, नॉमिनीला मिळतं. प्रत्येक वेळी ही किल्ली लागेल असं नाही, पण बऱ्याचदा लागते.

मोबाइलच्या पडद्यावरचे शब्द

पे आणि रिसीव्ह: पे म्हणजे द्या, रिसीव्ह म्हणजे घ्या. कुणी फोन करून म्हणालं, "तुम्हाला पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील", तर पडदा नीट बघा. तिथे 'पे' लिहिलेलं असतं. तायांनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

अप्रूव्ह आणि डिक्लाइन: अप्रूव्ह म्हणजे मंजूर, डिक्लाइन म्हणजे नको. कळलं नाही तर डिक्लाइन दाबायचं. त्याने काही बिघडत नाही.

पेंडिंग आणि फेल्ड: पेंडिंग म्हणजे अजून लटकलेलं, थांबा, लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. फेल्ड म्हणजे झालंच नाही.
वाक्य: "युवर पेमेंट इज पेंडिंग." तुमचा भरणा अजून पूर्ण झालेला नाही.

अलाऊ आणि डिनाय: अलाऊ म्हणजे परवानगी आहे, डिनाय म्हणजे नाही. कर्ज देणारं एखादं अ‍ॅप "अलाऊ अ‍ॅक्सेस टू कॉन्टॅक्ट्स" म्हणालं तर त्याला तुमच्या फोनमधले सगळ्यांचे नंबर हवेत. कर्ज द्यायला तुमच्या भावाचा आणि नणंदेचा नंबर कशाला हवा? डिनाय दाबा.

आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

विचारायला लाजू नका, तो हक्क आहे

शब्द सगळे येणार नाहीत. मलाही येत नाहीत, ते वर सांगितलंच. पण एक मराठी वाक्य सगळ्यांना येतं: "साहेब, हा शब्द मला कळला नाही, मराठीत सांगा." हे वाक्य म्हणायला हिंमत लागते, मला माहीत आहे. पण आपण काही उपकार मागत नाही. पासबुक, स्लिपा, खातं उघडायचे फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत ठेवायला बँकांना सांगितलेलं आहे. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ कर्ज देताना व्याज, खर्च, हप्ते हे सगळं एका साध्या तक्त्यात द्यायचं, तो तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा आणि समजावून सांगावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या तक्त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. की म्हणजे मुख्य, फॅक्ट म्हणजे खरी माहिती, स्टेटमेंट म्हणजे लेखी निवेदन. कर्ज घेताना हे तीन शब्द ठणकावून म्हणा, "आमचं की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत द्या." बँकेने ऐकलं नाही तर आधी बँकेत लेखी तक्रार करा. पुढे कुठे जायचं ते विचारायला रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे.

बैठकीतली पाच मिनिटं

घरी वही उघडायला वेळ मिळत नाही, ते मला दिसतं. म्हणून हे काम बैठकीतच करू. बचत जमा झाल्यावर, कर्जाचं बोलणं सुरू व्हायच्या आधी, पाच मिनिटं. दर बैठकीला दोन शब्द. एक जण शब्द सांगेल, दुसरी अर्थ, आणि मग फिरत फिरत प्रत्येकीने स्वतःचं वाक्य करायचं. मराठी वाक्यात इंग्रजी शब्द घातला तरी चालेल. "माझा हप्ता ओव्हरड्यू नाही" हे चांगलं वाक्य आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलून सांगायचं, लिहिणारी लिहील. शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा, पण तिने उत्तर द्यायचं नाही, फक्त चूक सांगायची.

पुढच्या आठवड्यात आधीचे दोन शब्द विचारायचे, मग नवे. महिन्याला आठ शब्द. वर्षात नव्वदच्या पुढे जातात. तेवढ्यात पासबुक, कर्जाचा कागद आणि मोबाइलचे मेसेज तुमचे तुम्हाला वाचता येतील.

आता तुम्ही सांगा

खालची उत्तरं हाताने झाका आणि या पाच वाक्यांचा अर्थ सांगा.

१. रुपीज ट्वेंटी डेबिटेड.
२. ओव्हरड्यू अमाउंट नाइन हंड्रेड.
३. पेमेंट पेंडिंग.
४. लोन सँक्शन्ड, नॉट डिसबर्स्ड.
५. नॉमिनी रजिस्टर्ड.

उत्तरं: १. वीस रुपये खात्यातून गेले. २. नऊशे रुपये थकलेत. ३. भरणा अजून पूर्ण झालेला नाही, थांबा. ४. कर्ज मंजूर झालंय, पण अजून मिळालेलं नाही. ५. नॉमिनीचं नाव लागलेलं आहे.

तुमच्या कागदावर न कळलेला शब्द दिसला तर त्याचा फोटो काढून सीआरपी ताईंना द्या. खाते नंबर मात्र झाकायला विसरू नका. जमलेले शब्द आपण पुढच्या अंकात वाक्यांसकट देऊ. औषधाच्या पाकिटावरचे आणि बियाण्याच्या पिशवीवरचे शब्दही मनात आहेत.

त्या गटाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. सहाही जणी परत आल्यात. आता दर तीन महिन्यांनी दोन वेगळ्या सदस्या पासबुक भरायला जातात, आणि बैठकीत पासबुक मोठ्याने वाचून दाखवतात. अध्यक्ष ताई प्रत्येक ओळीला विचारतात, "विळा का भाकरी?" आणि सगळ्या मिळून उत्तर देतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक